टेकडीवर प्रत नको

मंगळवार, ४ ऑक्टोबर

रणगाडे घुसले. पहाटे चारला. सहाच्या बातम्यांत निवेदकाचा आवाज नेहमीसारखाच — हवामान सांगावं तसा!

हे दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून आत गेले आणि नकाशा घेऊन आले. भूगोलाचे मास्तर; आमच्या घरात कात्री सापडणार नाही, नकाशा सापडतो. टेबलावर पसरला. ज्या देशात रणगाडे घुसले तो यांच्या अंगठ्याखाली अख्खा झाकला गेला. अंगठा उचलला, तर देशावर साबणाचा ठिपका.

"साठ लाख माणसं," हे म्हणाले. मग ठिपका पुसत — "टिटवीची परीक्षा डिसेंबरात आहे."

मी ओरडले. एका देशाचा गळा आवळला जातोय आणि तुम्हाला परीक्षा सुचते! असं बरंच. पण वहीशी खोटं कशाला बोलू? त्यांच्या आधी ते माझ्याच मनात येऊन गेलं होतं. म्हणून तर एवढी ओरडले.

टिटवी आमची एकुलती एक. तान्ही असताना पहाटे उठून किंचाळायची, तेव्हापासून हे नाव. आता वैद्यकीच्या सहाव्या, शेवटच्या वर्षाला. आणि शिकते कुठे? ज्यांचे रणगाडे, त्यांच्याच राजधानीत. आपली एकेचाळीस मुलं आहेत तिथे, त्यांच्या शिष्यवृत्तीवर.

बुधवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर परराष्ट्र खात्यात. तिसऱ्या मजल्यावरची ती लांबट खोली. एका खिडकीतून टेकडी दिसते, दुसरीतून नदी. टेकडीवर एका महासत्तेची वकिलात, नदीकाठी दुसरीची. खात्यात त्यांची खरी नावं कोणी घेत नाही. टेकडीवाले आणि नदीवाले — बस्स! टेकडीवाल्यांच्या आरमाराला आपलं बंदर हवंय. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मागतायत. नदीवाले आपलं धरण बांधतायत, आपली मुलं शिकवतायत. आपण दोघांशी बोलतो, दोघांचं ऐकून घेतो आणि दोघांपैकी कोणाचेही नाही. हे आपलं धोरण. सात वर्षं मी ते सभांतून घसा फोडून सांगत आलेय.

आणि सभेतलं धोरण खात्यात पोचलं की त्याचं काय होतं? तर तोळेमास्तर होतात!

हेडक्लार्क आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. खरं नाव त्यांच्या बायकोला आठवत असेल तर असेल. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. डावं पान टेकडीचं, उजवं नदीचं. जगाच्या व्यासपीठावर आपण कोणाबद्दल काय बोललो ते त्यात शब्दाच्या वजनाने उतरवलेलं. पायऱ्या पाच: 'नोंद घेतली', 'चिंता', 'तीव्र चिंता', 'खेद' आणि सर्वांत वर 'निषेध'. डावीकडे एक चिंता पडली की वर्ष संपायच्या आत उजवीकडे एक पडायलाच हवी.

शिवाय सायकली! आपल्या प्रत्येक निवेदनाचा मसुदा आधी दोन्ही वकिलातींना पोचवतात. आयत्या वेळी कोणी दचकायला नको. दोन शिपाई, दोन सायकली, दोन प्रती. टेकडीला चढ आहे म्हणून त्या शिपायाला वीस मिनिटं आधी सोडतात. दोन्ही फाटकांवरच्या पावत्यांवर वेळ एकच पडली पाहिजे. एकदा टेकडीवाल्याची साखळी तुटली, तर नदीवाला अर्धा तास फाटकाबाहेर झाडाखाली उभा! आत जाईना. मी हसून हसून बेजार झाले होते. मास्तर हसले नव्हते.

आज म्हणाले, "बाई, डाव्या पानावर एक निषेध आहे. तुमचाच. पाच वर्षं झाली. उजवं पान तेव्हापासून हलकं आहे. मला त्याने स्वस्थता नाही."

"मास्तर, हे काय वाण्याचं दुकान आहे?"

"दुकानात थोडं इकडेतिकडे चालतं, बाई. इथे नाही चालत."

पाच वर्षांपूर्वी टेकडीवाल्यांनी एका बेटावर तोफा डागल्या होत्या. मी महासभेत उभी राहिले आणि म्हणाले, निषेध. हातात चिठोराही नव्हता. नव्या देशांचे प्रतिनिधी एकेक करून उठून उभे राहिले होते. ते भाषण आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे आता. यांना दरवर्षी पोरांकडून पाठ करून घ्यावं लागतं, म्हणतात, "ऐकून ऐकून मला तुझ्याशी भांडायचे मुद्दे सुचायचे बंद झाले."

गुरुवार, ६ ऑक्टोबर

मंत्र्याने बोलावलं. परराष्ट्रमंत्री! मला अजून तो गिरणीच्या दारातला काटकुळा पोरगाच दिसतो. मी लाकडी खोक्यावर उभी राहून कामगारांपुढे बोलायचे, हा खोकं धरायचा. पोलीस आले की खोकं काखोटीला मारून पळायचा — मला तिथेच सोडून! अजून मी ते काढते. अजून तो हसतो.

आज हसला नाही. मला चार पानं दिली, टाईप केलेली.

"अठराला महासभेत ठराव येतोय. तू जायचंस. हे वाचायचं. मतदानाला आपण तटस्थ."

मी चाळलं. पहिल्या पानावर 'नोंद', तिसऱ्यावर 'चिंता'. तीही 'दोन्ही बाजूंनी संयम पाळावा' या वाक्याला लोंबकळत. दोन्ही बाजू! एका बाजूला रणगाडे, दुसरीला रस्त्यावरचे लोक. संयम कोणी पाळायचा, चिरडणाऱ्याने की चिरडला जातो त्याने?

"हे मी वाचू?"

"तूच. तुझी मुलगी तिथे आहे. जगाला कळेल की तू सांभाळून का बोललीस. कोणी दोष देणार नाही."

अंगाची लाही लाही झाली. म्हणजे माझं लेकरू माझ्या तोंडावरची चिकटपट्टी!

"धरण अर्धं झालंय, भोंग्या," तो म्हणाला. तरुणपणी गिरणीच्या भोंग्याच्याही वर आवाज चढवायचे, तेव्हा यानेच मला भोंगा म्हणायला सुरुवात केली; आता सगळेच म्हणतात. "एकेचाळीस मुलं आहेत. दोन महिन्यांत त्यातली सतरा डॉक्टर होतील. अख्ख्या देशात आज डॉक्टर किती? तुला आकडा माहीत आहे."

माहीत आहे. मीच सभांतून सांगते.

"एक शब्द इकडचा तिकडे नको. तुला मी पंचवीस वर्षं ओळखतो. तुझ्या हातातला कागद म्हणजे वारा घ्यायचा पंखा. या वेळी वाचायचं."

मी पानं घेऊन आले. घेऊन का आले?

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

वाचून पाहिलं, मोठ्याने. तिसऱ्या पानापुढे गेलेच नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

टिटवीचं पत्र. महिन्यापूर्वीचं, रणगाड्यांच्या आधीचं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं, नेहमीप्रमाणे. हे म्हणतात, नदीवाल्यांचा डिंक चांगला आहे.

पहिल्यांदा एकटीने टाके घातले. सात टाके, एका ट्रामचालकाच्या कपाळाला. तिचे हात थरथरत होते म्हणून तोच तिला धीर देत होता — "हळू, पोरी, माझं डोकं कुठे पळून जात नाही." मैत्रिणीचा कोट वापरते, बाह्या लांब आहेत, दुमडते. शेवटी लिहिलंय: "आई, इथे एका वर्गमैत्रिणीला तुझं बेटाचं भाषण अर्थ सांगत वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या आईला भीती वाटत नाही? मी म्हटलं, वाटते, पण ती बाबांवर ओरडते तेव्हाच कळतं."

यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. मग घडी घालून नकाशांच्या कपाटात ठेवलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

भांडण. सकाळी आठ ते दुपारी दोन. मध्ये चहा यांनीच केला आणि भांडत भांडतच माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, अलिप्तता म्हणजे डोळे मिटणं नव्हे. आपण एका घरातून बाहेर पडलो, जिथे आपण कुठे बसायचं, काय बोलायचं, ते दुसरा ठरवत होता. ते काय शेजारच्या घरात पोटभाडेकरू व्हायला? मोकळं राहायचं ते एवढ्यासाठी की प्रत्येक गोष्टीकडे आपल्या डोळ्यांनी बघता यावं आणि जे दिसलं ते आपल्या तोंडाने सांगता यावं. टेकडीवाल्यांनी मारलं तेव्हा आपण बोललो. नदीवाले मारतायत तेव्हा गप्प बसलो, तर बेटाच्या वेळचं बोलणंही खोटं ठरतं. मग आपण नदीवाल्यांचेच, फक्त सही व्हायची राहिली!

"सुरेख," हे म्हणाले. "आता खाली बस. समोर सभा नाही, मी आहे."

बसले.

"तू बोलशील आणि किंमत टिटवी भरेल. एवढंच मला कळतं. तिने सहा वर्षं बर्फात काढली. त्या सहा वर्षांवर तुझा हक्क किती?"

एवढी पुस्तकं वाचली, तुरुंगात तर दिवसाला एक. साम्राज्यं का कोसळतात ते कोणीही विचारावं, सांगेन. हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग हे हळूच म्हणाले, "आणि बाकीची चाळीस. ती तर तुझी मुलंही नाहीत."

सोमवार, १० ऑक्टोबर

मंत्र्याला भेटायला गेले. सांगणार होते, दुसऱ्या कोणाला पाठव. नव्हता. बंदराच्या पाहणीला गेलाय, म्हणाले. दिवसभर आला नाही.

संध्याकाळी घरी एक माणूस आला. बंदरावर क्रेन चालवतो. त्याचा मुलगा टिटवीबरोबर आहे, इंजिनिअरिंगला. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर.

"बाई, लोक तुमच्याकडे बोला म्हणायला येतात. मी गप्प बसा म्हणायला आलोय."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तुमची भाषणं मी क्रेनवरून ऐकलीत. खालच्यापेक्षा वर चांगली ऐकू येतात. पण माझा पोरगा घरातला पहिला शिकलेला. पहिला म्हणजे — बाप नाही, आजा नाही. तुम्ही समजून घ्या."

यांनी त्याला चहा दिला, बंदराच्या गोष्टी काढल्या. बिचारे! अवघडलेल्या माणसाला मोकळं करणं यांना जमतं. तो सांगत होता, तिसरा धक्का महिनाभर रिकामा ठेवलाय. गाळ उपसतायत, रात्रंदिवस. एवढा खोल गाळ त्याने आजवर काढलेला पाहिला नाही.

"धरणाची यंत्रं येणार असतील," मी म्हटलं.

"असतील. आम्हाला कोण सांगतंय?"

जाताना दारात वळला. "माझ्यामुळे तुमचं मन दुखलं असेल तर विसरा. पण मी म्हटलेलं विसरू नका."

ठरलं. कागद वाचायचा. चार पानं, नऊ मिनिटं. वाचायचं आणि बसायचं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

नाही!

आज मास्तर घरी आले. सात वर्षांत पहिल्यांदा. वही काखेत, घामाघूम. बसा म्हटलं तर बसेनात.

"बाई, काल तुमच्या मसुद्याच्या प्रती काढायला गेलो, तर मंत्र्यांच्या कचेरीतून निरोप — एकच काढा. नदीवर पाठवा. टेकडीवर प्रत नको."

"का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, त्यांना गरज नाही." मास्तरांनी वही दुसऱ्या काखेत घेतली. "टेकडीचा शिपाई सायकल पुसून तयार उभा होता हो! त्याला काय सांगू? सात वर्षांत असं झालं नाही. मोर्चा होता त्या दिवशीही दोन्ही सायकली गेल्या. ह्याची नोंद कुठल्या पानावर करू?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांना वाटत होतं, एक कागद कमी निघाला. मला त्यातलं सगळं दिसलं! निदान देखावा तरी होता, सायकलींचा. तोही गेला. आता मसुदा एकाच धन्याला दाखवायचा, त्याने मान हलवली की वाचायचा. 'टेकडीवाल्यांना गरज नाही' — म्हणजे त्यांना विचारतो कोण! विकून झालं, नदीच्या बाजूला. धरणाच्या बदल्यात, मुलांच्या बदल्यात. आणि विक्रीचा कागद वाचायला मी. माझ्या आवाजात, बेटाचं भाषण केलेल्या आवाजात!

मास्तर जाताना म्हणाले, "बाई, काहीतरी पारडं आहे जे मला दिसत नाहीये."

मी म्हटलं, "मास्तर, वही मिटा. दोन्ही पारडी सारखी ठेवणं म्हणजे न्याय नव्हे. ते भीतीचं गणित आहे."

ते दुखावले. दिसलं मला. पण माझं डोकं पेटलं होतं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

यांना सांगितलं. यांनी उठून माझी बॅग माळ्यावरून काढली, आतली धूळ पुसली.

"थंडी असेल. जाड शाल घे."

"तुम्ही मला अडवणार नाही?"

"तुला अडवून कोणाचं भलं झालंय आजपर्यंत?" मग पाठ करून म्हणाले, "टिटवीला कळू दे की तू तिचा विचार करून केलंस. विसरून केलंस असं तिला वाटायला नको."

रविवार, १६ ऑक्टोबर

महासभेचं शहर. हॉटेलची खोली सातव्या मजल्यावर, खिडकी उघडत नाही. तीन दिवस रोज ते चार कागद टेबलावर आणि मी त्यांच्याभोवती फेऱ्या घालतेय.

आज गच्च भरलेल्या व्हरांड्यात 'त्यांचा' प्रतिनिधी भेटला. अंगठ्याखाली झाकला गेला त्या देशाचा. उंच, वाकलेला, कोटाचं एक बटण तुटलेलं. त्याच्यामागे सरकार आहे की नाही हे त्याला माहीत नाही. बायको तिकडेच आहे, फोन लागत नाही. लोक त्याला वळसा घालून जात होते, सुतकात असलेल्या माणसाला घालावा तसा.

तो म्हणाला, "बेटावर तोफा पडल्या तेव्हा मी तुमच्या मागच्या रांगेत होतो. उभा राहिलो नव्हतो. सरकारचा हुकूम होता, बसून राहा." त्याने कोट छातीशी ओढून घेतला. "परवा तुम्हालाही असाच हुकूम असेल. मी समजू शकतो."

मी त्याचा हात हातात घेतला आणि बोलले नाही. बोलले असते तर तिथेच भाषण झालं असतं.

सोमवार, १७ ऑक्टोबर

मंत्र्याची तार. तीनच शब्द: कागद. फक्त कागद.

मूर्ख! असं लिहून तर तू मला आणखी पेटवतोस. पंचवीस वर्षांत एवढंही कळलं नाही?

मंगळवार, १८ ऑक्टोबर

बोलले.

चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. माझा आवाज मलाच परका, कोणी बातम्या वाचाव्यात तसा. तिसऱ्या पानावर 'दोन्ही बाजूंनी' आलं आणि मी थांबले. सभागृहात पानं चाळल्याचा आवाज, कोणीतरी खोकलं.

मी कागद पालथे ठेवले. चष्मा काढला.

म्हटलं, "माझी मुलगी आज त्या राजधानीत आहे जिथून हे रणगाडे निघाले. त्या लोकांनी तिला जखम शिवायला शिकवलं. त्यांची मी आयुष्यभर ऋणी राहीन. आणि म्हणूनच सांगते — ज्यांनी माझ्या मुलीला जखम शिवायला शिकवलं, त्यांच्याच राज्यकर्त्यांना मी दुसऱ्याच्या मुली चिरडू देणार नाही. पाच वर्षांपूर्वी इथूनच मी एका महासत्तेचा निषेध केला. आज दुसरीचा करते. आम्ही लहान आहोत, नवे आहोत, गरीब आहोत. आमच्याकडे एकच गोष्ट आहे जी कोणी आम्हाला दिलेली नाही, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. आमचं मत. मी ते आज देतेय."

मतदानाला हात वर केला, ठरावाच्या बाजूने.

तो उंच माणूस डोक्याला हात लावून बसला होता. खांदे हलत होते. त्याच्यासाठी तरी बरं केलं मी!

एकच खटकलं. सर्वांत आधी टाळ्या टेकडीवाल्यांनी वाजवल्या, उभं राहून. मी आपल्या भाषेत बोलत होते. भाषांतर कानात पोचायच्या आतच ते उठले. असल्या टाळ्या नकोत मला.

बुधवार, १९ ऑक्टोबर

मंत्र्याची तार नाही. शिव्या नाहीत, परत ये नाही, काहीच नाही.

शनिवार, २२ ऑक्टोबर

काल परतले. विमानतळावर गर्दी, हार. 'भोंगा! भोंगा!' असा गजर. मी हात हलवत होते आणि गर्दीत क्रेनवाल्याचा चेहरा शोधत होते. नव्हता.

आज बातमी: एकेचाळीसही मुलांना देश सोडायचा हुकूम. अठ्ठेचाळीस तासांत. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

यांनी बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि टिटवीच्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

धरणावरचे नदीवाले इंजिनिअर मात्र अजून गेलेले नाहीत. मंत्र्याने त्यांच्या वकिलातीला सांगितलं म्हणे — मसुदा तुमच्या हातात आहे, आमचं सरकार तटस्थच होतं, बाई स्वतःच्या मनाने बोलल्या. म्हणजे ती प्रत अशी कामाला आली! असो. खरंच आहे, मी माझ्याच मनाने बोलले. त्याचा अभिमान आहे मला.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

पहाटेच्या विमानाने टिटवी आली; घ्यायला आम्ही दोघं विमानतळावर. एक बॅग, मैत्रिणीचाच कोट, दुमडलेल्या बाह्या. वजन उतरलंय. बापाच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आम्ही सगळे एका खोलीत ऐकत होतो, आई. रेडिओ माझ्याच मांडीवर होता."

"मग?"

"तू 'जखम शिवायला' म्हणालीस तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी टाळी वाजवली." बॅग दुसऱ्या हातात घेतली. "क्रेनवाल्या काकांच्या मुलाने नाही वाजवली. तो उठून सामान बांधायला लागला. त्याला तुझ्या आधी कळलं."

क्रेनवाला बाजूलाच होता. मुलाची ट्रंक खांद्यावर घेतली, माझ्यासमोरून गेला. नमस्कार केला, तेवढाच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी टिटवी जेवली, झोपली, चौदा तास. उठल्यावर म्हणाली, "इथल्या इस्पितळात परिचारिका म्हणून घेतील का ग मला?"

"तू डॉक्टर आहेस."

"नाही, आई. सहा आठवडे कमी आहे."

रविवार, ३० ऑक्टोबर

किंमत पडली. माझ्या लेकीने भरली, क्रेनवाल्याच्या पोराने भरली. हे म्हणाले होते तसंच झालं. पण आज मन जरा शांत आहे. यांना म्हटलं, काहीही झालं तरी आपण विकले गेलो नाही. टेकडीला नाही, नदीला नाही. हे नुसती मान हलवून टिटवीच्या कोटाला बटण लावत बसले.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

टिटवी इस्पितळात लागली. पट्ट्या बदलायच्या, तापमान लिहायचं. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांचा टाका चुकला तो तिने पाहिला. बोलली नाही म्हणे. "तुझी मुलगी असून गप्प बसले, बघ!" हसली. मीही हसले.

शनिवार, ५ नोव्हेंबर

तिसऱ्या धक्क्याला राखाडी जहाज लागलंय. तोफांसकट, टेकडीवाल्यांचं. धक्का वीस वर्षांसाठी त्यांचा. करार आज जाहीर केला. मास्तर एक प्रत घेऊन आले. सहीखालच्या तारखेवर बोट ठेवलं. १० ऑक्टोबर. मी बोलले १८ला. टेकडीवर प्रत नको — त्यांना गरज नव्हती; मी काय बोलणार ते त्यांना कागदाशिवायच ठाऊक होतं.

मंत्र्याला फोन केला. ओरडले. त्याने सगळं ऐकून घेतलं, जुन्या सवयीने, खोकं धरल्यासारखं. मग म्हणाला, "भोंग्या, तुझ्या हातात कागद दिलाच नसता, तर तू पालथा काय ठेवला असतास?"